मतदार यादीबाहेरचे सल्लागार

२ एप्रिल २०२३, रविवार. पॅरिस महापालिकेने त्या दिवशी नागरिकांना मतदान केंद्रांवर बोलावलं होतं. उमेदवार कोणीच नव्हता. प्रश्न एकच होता: भाड्याने मिळणाऱ्या ई-स्कूटर शहरात राहू द्यायच्या की नाही?

आपल्याकडे स्कूटर म्हटलं की बसून चालवायची गाडी डोळ्यांपुढे येते. ही ई-स्कूटर वेगळी. पाय ठेवायला अरुंद फळी, पुढे उभा दांडा आणि हँडल, दोन छोटी चाकं, पोटात बॅटरी. ती उभ्यानेच चालवायची. मोबाइलमधलं अ‍ॅप उघडून क्यूआर कोड स्कॅन केला की कुलूप निघतं आणि मिनिटामिनिटाचं भाडं सुरू होतं. मुक्कामी पोचलं की गाडी तिथेच सोडायची. पुढचा माणूस ती उचलतो. पॅरिसमध्ये तीन कंपन्यांच्या मिळून अशा सुमारे १५,००० गाड्या होत्या.

निकाल एकतर्फी लागला. मत देणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. पण मत द्यायला आले किती? अवघे साडेसात टक्के. जवळपास १३ लाख ८० हजार मतदारांच्या शहरात एक लाखाहून थोडी जास्त मतं पडली. महापौर अॅन इदाल्गो यांनी निकाल पाळण्याचं आधीच जाहीर केलं होतं. त्याप्रमाणे ३१ ऑगस्टला कंपन्यांचे करार संपले आणि गाड्या रस्त्यावरून उचलल्या गेल्या.

या गाड्या सर्वांत जास्त कोण वापरत होतं? तरुण मुलंमुली. रांगेत कोण दिसत होतं? बहुतेक वयस्क मंडळी. केंद्रं कमी होती आणि ऑनलाइन मत द्यायची सोय नव्हती, अशी तक्रार कंपन्यांनी केली. त्यात त्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे. मतदानाच्या दिवशी त्यांनी फुकट फेऱ्याही देऊ केल्या होत्या. अठरा वर्षांवरचे बरेच तरुण मत देऊ शकत असूनही आले नाहीत, हेही खरं. पण उपनगरातून रोज पॅरिसला येणाऱ्यांना मत नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीलाही नव्हतं, आणि त्याच पदपथावरून ती रोज शाळेत जात होती. ज्यांना मत होतं त्यांच्यासमोरही पर्याय दोनच होते: हो किंवा नाही. ‘गाड्या ठेवा, पण शाळेजवळ वेग कमी करा’ असं म्हणायला त्या कागदावर जागा नव्हती.

गाड्या बंद केल्या हे चूक की बरोबर, हा पॅरिसकरांचा प्रश्न आहे. आपल्याला पाहायचं आहे ते दुसरंच. गावातल्या रस्त्याविषयी तरुणांना विचारायचं तर कधी विचारायचं, काय विचारायचं आणि विचारल्यानंतर त्यांचं देणं कसं फेडायचं? सल्ला मागणाऱ्याने उत्तर द्यायलाही बांधील असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी गाडी, मग नियम

या धंद्याची सुरुवात सप्टेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका या समुद्रकाठच्या शहरात झाली. ‘बर्ड’ नावाच्या कंपनीने परवानगीची वाट न पाहता गाड्या रस्त्यावर ठेवल्या. शहराने खटला भरला आणि कंपनीने तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून तो मिटवला. मार्च २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हेच घडलं. बर्ड, लाइम आणि स्पिन या तीन कंपन्यांच्या गाड्या एकाएकी पदपथावर दिसू लागल्या. लोक वैतागले. एप्रिलमध्ये शहराने परवान्याचा नियम केला आणि ४ जूनपासून विनापरवाना गाड्या बंद झाल्या. मग बारा कंपन्यांनी अर्ज केले. परवाना मिळाला तो भलत्याच दोघींना, स्कूट आणि स्किप यांना. ऑक्टोबरमध्ये प्रत्येकी ६२५ गाड्यांनी प्रायोगिक सेवा सुरू झाली.

या घडामोडींत एक गोष्ट नागरिकांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. गाडी कंपनीची असली तरी ती उभी राहते सार्वजनिक जागेत. त्यामुळे परवाना देताना शहराला अटी घालता येतात. गाड्या किती असाव्यात, त्या कुठे उभ्या कराव्यात, कोणत्या भागात वेग आपोआप कमी व्हावा, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत किती ठेवाव्यात, फेऱ्यांची माहिती शहराला कोणत्या रूपात द्यावी, हे सगळं परवान्यात लिहिता येतं. वेगाचं नियंत्रण तर उपग्रहाच्या मदतीने होतं. नकाशावर एक रेघ आखली की त्या हद्दीत शिरताच गाडीचा वेग उतरतो. पॅरिसने २०२१ मध्ये गर्दीच्या शेकडो जागी अशी ताशी १० किलोमीटरची मर्यादा घातली होती.

परवान्याला मुदत असते. वर्षा-दोन वर्षांनी तो संपतो आणि अटी पुन्हा लिहाव्या लागतात. उड्डाणपूल एकदा उभा राहिला की त्यावर सल्ला देऊन उपयोग नसतो. स्कूटरचं तसं नाही. इथे सल्ल्याला दर खेपेस नवी संधी मिळते, आणि आज सल्ला देणाऱ्या मुलाला त्याचा परिणाम शाळा सोडण्याआधी पाहता येतो.

पोर्टलंडने काय मोजलं

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने हे काम जास्त पद्धतशीरपणे केलं. तिथे गाड्या आधी आल्या नाहीत. नियम आधी आले. २३ जुलै ते २० नोव्हेंबर २०१८ असा चार महिन्यांचा प्रयोग ठरला. शहराच्या पूर्व भागात घरं स्वस्त, पण बस आणि पदपथ कमी. तिथे रोज काही गाड्या ठेवल्याच पाहिजेत, अशी अट कंपन्यांना घातली. चार महिन्यांत ७,००,३६९ फेऱ्या झाल्या. दुखापतींमुळे तातडीच्या उपचारासाठी १७६ वेळा लोकांना रुग्णालय गाठावं लागलं, हेही शहराने लपवलं नाही.

या प्रयोगाच्या अहवालातली एक नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते. ऑरेगनच्या कायद्याने पदपथावर ई-स्कूटर चालवायला बंदी आहे. तरी लोक चालवतात, म्हणून पादचारी चिडतात. सर्वसाधारण प्रतिक्रिया काय येते? ‘या पोरांना शिस्त नाही.’ पोर्टलंडच्या लोकांनी रस्त्यांवर उभं राहून गाड्या मोजल्या. जिथे सायकलसाठी काहीच सोय नव्हती, तिथे दहापैकी जवळपास चार जण पदपथावरून जात होते. वाहनांपासून वेगळा केलेला सायकल मार्ग होता, तिथे हे प्रमाण आठ टक्क्यांवर आलं. आणि संथ वाहतुकीच्या, सायकलसाठी राखलेल्या गल्ल्यांत पदपथावर कोणीच चढलं नाही.

माणसं तीच होती, बदलला होता रस्ता. शेजारून ट्रक भरधाव जात असेल तर कोणीही पदपथाचा आसरा घेणारच. असं मोजमाप समोर आलं की चर्चेचा सूर बदलतो. दंड किती करायचा यावरून ती सायकल मार्ग कुठे हवा यावर येते. आणि हा प्रश्न तरुणांना विचारला तर उत्तर लगेच मिळतं, कारण कोणत्या चौकात जीव मुठीत धरून जावं लागतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

शहराने आणखी एक काम केलं. सर्वेक्षणाच्या आकड्यांवर न थांबता कृष्णवर्णीय रहिवासी, पूर्व पोर्टलंडचे रहिवासी आणि अपंग नागरिक यांच्याबरोबर वेगळ्या बैठका घेतल्या. अ‍ॅपवरच्या सर्वेक्षणात स्कूटर वापरणाराच बोलतो. पदपथावर आडव्या पडलेल्या स्कूटरला जिची पांढरी काठी अडखळते, ती व्यक्ती त्यात येत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला तीच स्कूटर ओलांडायला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि उतरायला उतार असेलच असं नाही. अशी अडचण आकड्यात शिरत नाही, ती ऐकावीच लागते.

पदपथावरचं ज्ञान

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना या विषयातलं काय कळतं, असं कोणी विचारील. शिवाय भाड्याच्या स्कूटरसाठी बहुतेक कंपन्या अठरा वर्षांची अट घालतात. मग ज्यांना गाडी चालवायचीच नाही त्यांना कशाला विचारायचं?

ज्यांना विचारायला हवं त्यांत ही मुलं पहिली आहेत. शहरात सर्वांत जास्त चालणाऱ्यांत त्यांची गणना होते. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर काय गोंधळ असतो, बस थांब्यापासून वर्गापर्यंतचा शेवटचा टप्पा कसा जातो, संध्याकाळी शिकवणीहून परतताना कोणता रस्ता अंधारा असतो, हे नगररचनेच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ठाऊक नसतं. वयाची अट कागदावरच राहते, थोरल्या भावाच्या खात्यावरून धाकटा गाडी काढतो आणि एका गाडीवर दोघं उभे राहतात, हेही मुलं सांगतील, फक्त सांगितल्यावर ओरडा बसणार नाही याची खात्री हवी. ज्यांच्या घरी क्रेडिट कार्ड नाही त्यांच्यासाठी ही सोय कशी बंद दारासारखी असते, हेही तीच सांगतील.

पण नुसतं ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारून हे बाहेर येत नाही. सभागृहात माईक हातात दिला की मुलं पाठ केलेलं बोलतात. त्यांना रस्त्यावर न्यावं लागतं. चार-पाच जणांचा गट करावा. एकाकडे मोजपट्टी, एकीच्या हातात नकाशाची प्रत, एकाकडे घड्याळ. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी फाटकाशी उभं राहावं. पदपथाची रुंदी मोजावी. मग झाड, विजेचा खांब, विजेची डीपी पेटी आणि उभी वाहनं वजा करून चालायला उरलेली रुंदी मोजावी. दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. दहा मिनिटांत किती जण पदपथावरून गेले आणि किती जणांना रस्त्यावर उतरावं लागलं, याच्या रेघा ओढाव्यात. आठवड्यातल्या दोन वेगळ्या दिवशी आणि एकदा पावसात हेच पुन्हा करावं. असा कागद घेऊन अभियंत्यासमोर बसलेल्या मुलीला कोणी ‘तुला काय कळतं’ म्हणत नाही. तिच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नसतं.

बारा दिवसांचा नियम

मुलांनी कागद आणला, पण तो द्यायचा कोणाला? काही शहरांनी याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९५ मध्ये शहराच्या सनदेत दुरुस्ती करून युवा आयोग स्थापन केला. त्यात १७ सदस्य असतात, वय १२ ते २३. शहराच्या निवडून आलेल्या मंडळाचे अकरा सदस्य एकेक जण नेमतात, उरलेले महापौर नेमतात. बैठका शहराच्या मुख्य इमारतीत, लोकांसाठी खुल्या. या आयोगाचं खरं बळ मात्र एका साध्या तरतुदीत आहे. एखादा विषय मुलांशी आणि तरुणांशी प्रामुख्याने निगडित असेल, तर अंतिम निर्णयाच्या बारा दिवस आधी तो आयोगाकडे अभिप्रायासाठी पाठवावाच लागतो. सल्ला मानण्याचं बंधन नाही. पण तो न मागता पुढे जाण्याची मुभाही नाही.

या रचनेचं फळ दिसायला वेळ लागला. शहरातल्या बसचं भाडं शाळकरी मुलांना परवडत नाही, हा विषय युवा आयोगाने आणि वस्त्यांतल्या तरुण कार्यकर्त्यांनी लावून धरला. मार्च २०१३ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मोफत प्रवासाचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये अठरा वर्षांपर्यंतच्या सर्वांना हा प्रवास मोफत झाला. आयोगातल्या पहिल्या मुलांची शाळा तोवर केव्हाच संपली होती. मुलं मोठी होतात, गाव सोडतात, परीक्षेच्या काळात गायब होतात. संस्था टिकली म्हणून मागणी टिकली.

पोर्टलंडमध्येही मल्टनोमा युवा आयोग आहे. शहर आणि भोवतालची काउंटी (जिल्ह्यासारखा प्रदेश) या दोन्हींचा तो अधिकृत सल्लागार. तिथल्या मुलांनी स्वतः लिहिलेली हक्कांची सनद २००६ मध्ये दोन्ही सरकारांनी स्वीकारली. मुलांनीच लिहिलेली अशी सनद अमेरिकेत त्याआधी कोणा शहराने किंवा काउंटीने स्वीकारली नव्हती.

शोभेची तरुणाई

सगळीकडे असं होत नाही. पर्यावरण मानसशास्त्राचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. त्याआधी १९६९ मध्ये शेरी अर्नस्टीन यांनी नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. हार्ट यांनी मुलांच्या सहभागासाठी तशीच शिडी आखली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. पहिली, मुलांना हवं तसं वापरून घेणं. दुसरी, शोभेसाठी उभं करणं: घोषणा छापलेले टीशर्ट घालून मुलं कार्यक्रमात नाचतात, पण तो कशासाठी हे त्यांना नीट ठाऊक नसतं. तिसरी, नावापुरतं प्रतिनिधित्व: चुणचुणीत मुलाला मंचावर बसवायचं, मात्र विषयाची तयारी करायला वेळ द्यायचा नाही आणि तो कोणाच्या वतीने बोलतोय हेही विचारायचं नाही.

या तीन पायऱ्या आपल्या ओळखीच्या आहेत. रस्ता सुरक्षा सप्ताहात हातात फलक देऊन उन्हात उभी केलेली मुलं आपण पाहिली आहेत. चित्रकला स्पर्धेत ‘माझं स्वप्नातलं शहर’ काढून घेतात, बक्षीस देतात आणि चित्रं गुंडाळून ठेवतात. मुलांचा अपमान करायचा कोणाचा हेतू नसतो. तरी मुलं यातून एक धडा शिकतात: आपल्याला विचारतात ते फोटोसाठी. हा धडा शिकलेला मुलगा अठराव्या वर्षी मतदान केंद्राकडे का फिरकत नाही, याचं मग आपण नवल करतो.

हार्ट यांच्या शिडीवर चौथ्या पायरीपासून खरा सहभाग सुरू होतो. तिथे मुलांना काम दिलेलं असतं आणि ते का, हे सांगितलेलं असतं. पाचव्या पायरीवर त्यांचा सल्ला घेतात आणि त्याचं काय झालं हेही त्यांना कळवतात. प्रत्येक वेळी मुलांच्याच हाती कारभार द्यावा असं काही नाही. पाचवी पायरी प्रामाणिकपणे गाठली तरी पुष्कळ झालं.

आपल्या शहरांत

भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमानुसार मुलाशी संबंधित सर्व बाबींत त्याला आपलं मत मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज यांना धरून त्या मताची दखल घेतली गेली पाहिजे. त्याच महिन्यात संसदेने चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे दारं आहेत. त्यांतून तरुणांना आत घ्यायचं राहून गेलं.

सामायिक वाहनांचा अनुभवही आपल्याला नवा नाही. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. पाठोपाठ आणखी कंपन्या उतरल्या. सुरुवातीचं कौतुक ओसरल्यावर मोडलेल्या, कुठेतरी टाकून दिलेल्या सायकलींच्या बातम्या येऊ लागल्या आणि काही वर्षांत हा खेळ आटोपला. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात युलू कंपनीच्या बॅटरीवरच्या, बसून चालवायच्या दुचाक्या आल्या. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर असलेल्या अशा गाड्यांना केंद्रीय नियमांप्रमाणे परवाना किंवा नोंदणी लागत नाही, म्हणून त्या तरुणांना सोयीच्या पडतात. घरपोच डिलिव्हरी करणारी कितीतरी मुलं आज त्यांवर पोट भरतात.

पुण्यातल्या सायकली टिकल्या नाहीत, त्याला कंपन्यांचं आर्थिक गणितही कारण होतं. पण समजा, सायकली येण्याआधीच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना, औंधमधल्या शाळकरी मुलांना आणि शेजारच्या वस्त्यांतल्या तरुणांना एकत्र बसवलं असतं. थांबे कुठे हवेत, वसतिगृहातून रात्री निघणाऱ्या मुलीला काय सोयीचं, सायकल मोडली तर कळवायचं कोणाला आणि ती किती दिवसांत दुरुस्त होणार, हे त्यांच्याकडून ठरवून घेतलं असतं. कंपनीची वाटणारी वस्तू मग थोडी तरी आपली वाटली असती. आपली वाटणारी वस्तू माणूस नाल्यात टाकत नाही.

इथे एक अडचणही मान्य करायला हवी. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर पुणे-मुंबईसह राज्यातल्या अनेक महापालिकांचा कारभार काही वर्षं प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात अठरा वर्षांच्या झालेल्यांना मत होतं, पण नगरसेवक निवडायला निवडणूकच नव्हती. निवडणुका थांबल्या तरी रस्ते खोदायचे थांबत नाहीत. अशा काळात सल्ला देण्याची कायमची, लेखी सोय जास्तच गरजेची ठरते.

उत्तर द्यायची तयारी

मग एखाद्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला हे करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी? मोठ्या घोषणेची गरज नाही. चार गोष्टी पुरतात.

पहिली, विचारायचं ते निविदेचा मसुदा निघण्याआधी. परवान्याच्या अटी ठरून गेल्यावर घेतलेली बैठक ही माहिती देण्याची बैठक असते, सल्ल्याची नव्हे. दुसरी, मुलांना खरी माहिती द्यायची: नकाशे, अपघातांची ठिकाणं, कंपनीचा प्रस्ताव, उपलब्ध पैसा. अभियंत्याला जे कागद मिळतात ते सोप्या मराठीत मुलांनाही मिळाले पाहिजेत. तिसरी, इंग्रजी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा जिंकणाऱ्या मुलांवर थांबायचं नाही. महापालिकेच्या शाळेतली मुलगी, आयटीआयचा विद्यार्थी, डिलिव्हरी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, व्हीलचेअर वापरणारी कॉलेजकन्या, हे गटात हवेत. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च द्यायचा आणि वेळ परीक्षा सांभाळून ठरवायची.

चौथी गोष्ट सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं. ‘शाळेसमोर वेगमर्यादेची हद्द आखा’: मान्य, अमुक तारखेपासून. ‘बस थांब्याशेजारी गाड्यांसाठी आखीव जागा द्या’: अंशतः मान्य, कारण तिथे जलवाहिनीचं काम निघणार आहे. ‘पदपथ दीड मीटर रुंद करा’: या वर्षी शक्य नाही, कारण हे, आणि पुन्हा विचार करू तो केव्हा. तीन ओळींची तीन उत्तरं. मुलांना नकार पचतो. कारण न देता दिलेला नकार मात्र पचत नाही, आणि मुळीच उत्तर न येणं तर ती जन्मभर लक्षात ठेवतात.

हे महापालिकेच्याही हिताचं आहे. नाराजी आधी कळली की ती निस्तरता येते. गाड्या आणायच्या, लोक चिडेपर्यंत थांबायचं, मग एका रविवारी हो की नाही विचारायचं, याला शहर चालवणं म्हणत नाहीत.

भाड्याच्या स्कूटर उद्या असतील, परवा नसतीलही; त्यांच्या जागी आणखी काही येईल. पदपथ मात्र राहणार आहे आणि आजची पंधरा वर्षांची मुलं पुढची पन्नास वर्षं त्यावरून चालणार आहेत. तुमच्या भागात एखादं काम निघणार असेल, तर शेजारच्या शाळेतल्या चार मुलांना मोजपट्टी द्या, त्यांच्या नोंदींखाली त्यांच्या सह्या घ्या आणि तो कागद क्षेत्रीय कार्यालयात आवक क्रमांक घेऊन दाखल करा. उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा, मुलांना सोबत घेऊन.